भाड्यात हप्ता फिटतो का?

दुसरं घर घेऊ पाहणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘हप्त्याचं काय, तो भाड्यातून परस्पर जाईल.’ बिल्डरच्या सेल्स ऑफिसातला मुलगाही हेच सांगतो. फक्त टेबलावरचा कॅल्क्युलेटर तो आपल्यापुढे सरकवत नाही. तो आपणच ओढून घेऊ.

वाकड-रावेतच्या बाजूला ६० लाखांचा टू बीएचके आहे असं धरा. आकडे उदाहरणापुरते आहेत. तुम्ही आपल्या भागातले घाला, रीत तीच राहील. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के पडतं: मूळ ५, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १. हे झाले ४ लाख २० हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. मग पंखे, गीझर, किचन ट्रॉली, खिडक्यांच्या जाळ्या, पडद्यांचे रॉड. या किरकोळ म्हणवणाऱ्या गोष्टींना दीड लाख सहज लागतात. म्हणजे घर ६० लाखांचं राहत नाही, ६६ लाखांचं होतं. बांधकाम चालू असताना घेतलंत तर ५ टक्के जीएसटी आणखी. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलेल्या घराला तो लागत नाही. आपलं उदाहरण तयार घराचंच ठेवू.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी वगैरे धरत नाहीत. म्हणून कर्ज ४८ लाख आणि खिशातले १८ लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो. ४८ लाखांना झाले जवळजवळ ४१,६५०. आणि अशा फ्लॅटचं भाडं? १८ हजार धरू.

वाक्य इथेच निकालात निघालं, पण हिशेब संपला नाही. कारण ते १८ हजारही पूर्ण हातात पडत नाहीत. वर्षाचे २ लाख १६ हजार होतात. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला की मध्ये घर रिकामं राहतं; त्यासाठी एक महिना सोडा, उरले १ लाख ९८ हजार. सोसायटीचा मेन्टेनन्स बहुतेक ठिकाणी मालकच भरतो, महिना अडीच हजार धरला तर ३० हजार. घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, ते वर्षाला तीनेक हजार. मालमत्ता कर दहा हजार. गळका नळ, बिघडलेला गीझर, दर दोन-तीन वर्षांनी रंग आणि एजंटची दलाली यांचे मिळून सरासरी बारा हजार. हातात राहिले १ लाख ४३ हजार, म्हणजे महिन्याला बारा हजारांच्याही आत. ६६ लाखांवर हा परतावा सव्वादोन टक्केसुद्धा भरत नाही.

आता पहिल्या वर्षाचं व्याज बघा. वर्षभरात सुमारे ५ लाखांचे हप्ते जातात. त्यातले ४ लाख ४ हजार व्याजात जमा होतात, मुद्दल फिटते जेमतेम ९६ हजार. व्याजातून हातात पडलेलं भाडं वजा केलं तर २ लाख ६१ हजारांची तूट. तुमचे १८ लाख ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते तर त्यांनी १ लाख २६ हजार आणले असते. दोन्ही मिळून ३ लाख ८७ हजार. म्हणजे पहिल्या वर्षी घराची किंमत साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढली तर तुम्ही जिथल्या तिथे. फायदा त्यापुढे सुरू होतो.

याचा अर्थ घर घेऊ नका असा नाही. आपण नेमकं काय विकत घेतोय ते माहीत असावं, एवढाच. मुंबई-पुण्यात राहत्या घराचं भाडं किमतीच्या तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात घुटमळतं, कर्ज मात्र त्याहून बऱ्याच जास्त दरानं मिळतं. तेव्हा कर्ज काढून घेतलेलं भाड्याचं घर म्हणजे मुख्यतः जागेचे भाव वाढतील यावर लावलेली पैज. भाडं त्या पैजेचा खर्च थोडा हलका करतं. ज्यांना पैज नको, उत्पन्न हवं, त्यांनी गणित उलटं मांडावं: हातात पडणाऱ्या भाड्यात किती कर्ज फिटेल? आपल्या उदाहरणात महिना बारा हजारांत वीस वर्षांचं कर्ज बसतं ते १४ लाखांपेक्षा थोडं कमीच. बाकीचे ५२ लाख रोख. हा आकडा ऐकून बरेच जण उठून जातात. माझ्या मते ते योग्यच करतात.

कर्ज घ्यायचंच असेल तर व्याजदराच्या चढउताराचा धक्का आधी मोजून ठेवावा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मानक दराशी, बहुतेक वेळा रेपोशीच, जोडलेली असल्यामुळे ती वाढ थेट ग्राहकावर आली. २०२१मध्ये पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्ज घेतलेल्याचा हप्ता लाखाला ७६० रुपये होता. दर सव्वानऊवर गेल्यावर लाखाचं नुसतं महिन्याचं व्याजच ७७० झालं. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवू म्हटलं, तर नुकतंच घेतलेलं कर्ज कधी फिटलंच नसतं. बँकांना हप्तेच वाढवावे लागले. राहत्या घराचा हप्ता वाढला तर माणूस पोटाला चिमटा काढून भरतो. दुसऱ्या घराचा वाढला, त्यात भाडेकरू निघून गेला, की घाईत विक्री होते, आणि घाईतल्या विक्रीला भाव येत नाही. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय या फंदात पडू नये. बदलत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडताना बँक दंड लावू शकत नाही, ही जमेची बाजू. बोनस आला की आधी मुद्दल कमी करावी.

करसवलतीनं तूट भरून निघते असंही सांगतात. जुन्या करपद्धतीत ते काही अंशी खरं आहे. मिळालेल्या भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्याच्या ३० टक्के रक्कम दुरुस्तीबिरुस्तीसाठी म्हणून सरसकट वजा होते, मग व्याज वजा होतं. आपल्या उदाहरणात यानंतर २ लाख ७२ हजारांचा तोटा दिसतो. त्यातले २ लाख पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतात, बाकीचा तोटा पुढच्या वर्षांत नेता येतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यात ६२ हजार वाचतात. नव्या पद्धतीत, जी आता आपोआप लागू होते, घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. भाड्यावर कर लागत नाही, इतकाच लाभ.

बायकोच्या नावावर घेतलं तर? नोंदणी फक्त महिलेच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ६० लाखांवर ६० हजार वाचतात, ते जरूर वाचवावेत. पण पैसे नवऱ्याचे असतील तर आयकरासाठी भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. नावानं कर वाचेल या समजुतीत राहू नये.

घर कुठलं घ्यावं याचं उत्तर भाडेकरूकडे आहे. घर घेताना आपण नकळत स्वतःला त्यात राहताना बघतो: सकाळचं ऊन, समोरची टेकडी, देवघराची जागा. भाडेकरू बघतो ते ऑफिसला किती वेळ लागतो, पाणी किती वाजता येतं आणि दुचाकी कुठे लावायची. हिंजवडीत काम करणारी मुलं वाकडला राहतात, विमाननगरला कॉलेजची मुलं खोल्या शोधतात, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना सदाशिव पेठेतून अभ्यासिकेत चालत जायचं असतं. या मागणीला मोठं घर लागत नाही. म्हणून किमतीच्या मानानं वन बीएचकेचं भाडं थ्री बीएचकेपेक्षा बरं पडतं. मोठं घर घेऊ शकणारं कुटुंब सहसा स्वतःचं घेण्याच्या तयारीतच असतं. पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस, तीन-तीन लिफ्ट यांचा मेन्टेनन्स महिन्याला पाच-सहा हजारांवर जातो. भाडेकरू त्यासाठी हजार रुपये जास्त देईल, तुम्ही चार जास्त भराल. भाड्यासाठी घ्यायचं तर बिनतलावाची, तीस-चाळीस फ्लॅटची, हिशेब चोख असलेली सोसायटी मला केव्हाही पसंत.

‘येणाऱ्या मेट्रो’साठीही जपून पैसे मोजावेत. पुण्यातले पहिले दोन टप्पे ६ मार्च २०२२ला सुरू झाले. त्यांच्या नावानं भाव त्याच्या कितीतरी आधीपासून वाढत होते. भाडं मात्र रेल्वे धावू लागल्याशिवाय कोणी वाढवून देत नाही. मधल्या वर्षांचं व्याज तुम्ही भरायचं असतं.

पाण्याचं तेच. पुण्याच्या कडेनं वाढलेल्या भागांत अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात आणि तो खर्च मेन्टेनन्समध्ये येतो. घर बघायला ऑगस्टात जाऊ नका. मेमध्ये सकाळी गेटवर अर्धा तास उभं राहा, टँकर मोजा, वॉचमनशी दोन शब्द बोला. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मागून वाचा. अविवाहित भाडेकरू नको, अमुक खाणारे नको, असे ठराव काही ठिकाणी झालेले असतात. कायद्यापुढे ते टिकणं कठीण आहे, आणि माणूस म्हणून लाजिरवाणेही आहेत. पण तुमचा फ्लॅट महिनोन्‌महिने रिकामा ठेवायला ते पुरेसे असतात.

जुनं घर घेताना कागद कोणते बघायचे ते बहुतेकांना ठाऊक असतं: इंडेक्स टूची साखळी, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, आधीचं कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र. एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे जमिनीचं अभिहस्तांतरण, ज्याला सगळे कन्व्हेअन्स म्हणतात. ते सोसायटीच्या नावावर झालेलं नसेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी बिल्डर किंवा मूळ जमीनमालकाचे वारस दारात उभे राहतात. वकिलाला शोध घ्यायला लावण्याचे पैसे वाचवू नयेत.

आता भाडेकराराकडे येऊ. आपल्याकडे घरमालकाच्या मनात जी धास्ती असते तिला इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. गिरगाव-लालबागच्या चाळींत खोलीचं भाडं दशकानुदशकं तेच राहिलं. त्यात डागडुजी परवडेना, म्हणून मालकांनी ती सोडून दिली, आणि खरा व्यवहार पागडीत होऊ लागला. या कायद्यातून सुटण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी लिव्ह अँड लायसन्सचा मार्ग काढला. १९७३मध्ये सरकारनं कायदा बदलून त्या वर्षी १ फेब्रुवारीला चालू लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. अकरा महिन्यांसाठी दिलेली जागा कायमची गेली असं तेव्हा शेकडो घरांत झालं, आणि ‘घर कुलूपबंद राहिलं तरी चालेल, भाड्यानं नको’ हा सल्ला पुढच्या पिढीकडे वारशात आला. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाख घरं रिकामी सापडली. त्यामागे कारणं अनेक आहेत, पण ही भीतीही त्यांत आहे.

ती आता शिळी झाली. डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली आणि ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्यानं घर सोडलंच पाहिजे, असं त्याचं २४वं कलम सांगतं. नाही सोडलं तर नेहमीच्या कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. प्रकरण चुटकीसरशी निकालात निघत नाही, पण वीस वर्षं चालत नाही.

हे सगळं करार लेखी आणि नोंदलेला असेल तर. इथे बहुतेक जण चुकतात. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर कशाला?’ हा प्रश्न देशाच्या नोंदणी कायद्यातून आला आहे, जिथे वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. महाराष्ट्राच्या कायद्याचं ५५वं कलम ती सूट देत नाही. मुदत कितीही असो, नोंदणी करायची आणि ती जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहेच, पण त्याहून मोठी शिक्षा वेगळी आहे: वाद झाला तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल राहणारा सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवलेला कागद त्या दिवशी फारसा कामाचा नसतो.

आणि हे टाळून वाचतं तरी काय? लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे. परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. १८ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, अकरा महिने: शुल्क पाचशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्यावर. एजंट यंत्र घेऊन दारात येतो, त्याचे पैसे वेगळे. हा खर्च मालक आणि भाडेकरू निम्मा निम्मा वाटून घेतात.

करारात काय असावं? घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, दोन्ही बाजूंची नोटिशीची मुदत, निदान सहा महिन्यांचं लॉक-इन, नूतनीकरणाला भाडं किती वाढेल, रंगाचे पैसे कोण देणार, आणि सामानाची यादी. यादीत गीझर, पंखे, ट्रॉली नुसतं लिहून भागत नाही. चावी देताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, विजेच्या मीटरचा आकडा टिपावा आणि भाडेकरूलाही पाठवावा. डिपॉझिटवरची निम्मी भांडणं इथेच मिटतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं मालकाचं काम आहे, तेही ऑनलाइन होतं. सोसायटीला कराराची प्रत द्यावी. बिनभोगवटा शुल्क सोसायटी मनाला येईल ते लावू शकत नाही. २००१च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, आणि मालमत्ता कर त्या हिशेबात धरायचा नाही.

मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आहे: सात-आठ लाख डिपॉझिट, भाडं नाममात्र किंवा शून्य. मालकाला एकरकमी पैसा मिळतो आणि तो कुठेतरी अडकवला जातो. भाडेकरू निघतो तेव्हा परत द्यायला नसतो. मग नवा भाडेकरू शोधून त्याच्या डिपॉझिटमधून जुन्याला द्यायचे, तो मिळेपर्यंत जुना हलत नाही. हे भाडं नव्हे, बिनव्याजी कर्ज आहे, आणि ते नेमकं नको तेव्हा फेडावं लागतं.

भाडं ठरवताना थोडं सोडायला शिकावं. १९ हजारच हवेत म्हणून दोन महिने घर रिकामं ठेवलं तर ३६ हजार गेले. दरमहा हजार जास्त मिळवून ते भरून यायला तीन वर्षं लागतात. पाच तारखेच्या आत भाडं टाकणारा, शेजाऱ्यांशी न भांडणारा भाडेकरू दोन-पाचशे कमी देत असेल तरी त्याला ठेवावं. वाढ दरसाल थोडी घ्यावी. तीन वर्षं काही न बोलता चौथ्या वर्षी एकदम तीन हजार मागितले की तो दुसरं घर बघायला लागतो. बदल्यात नळ गळतो म्हणाला की दोन दिवसांत प्लंबर पाठवावा. आणि भाडं थकलं तर कुलूप बदलणं, पाणी तोडणं असले प्रकार करू नयेत. त्यानं आपलीच बाजू कमजोर होते. लेखी नोटीस द्यावी, व्हॉट्सअॅपवरचे निरोप जपून ठेवावेत आणि डिपॉझिट संपण्याआधी हालचाल करावी.

परदेशी राहून पुण्या-ठाण्यात फ्लॅट ठेवणाऱ्यांसाठी एक वेगळी बाब आहे. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूनं ते देताना ३० टक्के कर आणि त्यावरचा उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापून सरकारकडे भरायचा असतो. निवासी मालकाला महिना ५० हजारांपेक्षा जास्त भाडं देणाऱ्यानं कापायचे दोन टक्के ते वेगळे. बऱ्याच भाडेकरूंना हे माहीत नसतं, मालकही सांगत नाही, आणि नोटीस आली की दोघंही अडचणीत येतात. करार करण्यासाठी इथल्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यायचं तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं आणि भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. भाडं पुण्यातल्या वडिलांच्या खात्यात वळवून प्रश्न सुटत नाही. घर तुमच्या नावावर आहे तोवर उत्पन्न तुमचंच धरतात. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ते तिथल्या विवरणपत्रातही दाखवायचं असतं. इथे भरलेल्या कराची वजावट तिथे मागता येते, म्हणून त्या पावत्या वडिलांकडून वेळेवर मागवून घ्याव्यात.